अण्णांच्या उजव्या हाताचं पुढे काय झालं

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी पावणेनऊच्या सुमारास, उंब्रजच्या एका शिंप्याला कराडला तुमच्या कॅज्युअल्टीत आणलं होतं. वय ६४. उजवा हात-पाय लुळा, तोंड डावीकडे ओढलेलं, वाचा गेलेली. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. ती तुम्ही काढलीत आणि गुंडाळून माझ्या हातात दिलीत. एवढ्यावरून आम्ही आठवलो तर बरंच. नाही आठवलो तरी हरकत नाही, रोज किती चेहरे तुमच्यासमोरून जात असतील.

चौथ्या दिवशी तुम्ही वॉर्डात आला होतात. अंगात एप्रन नव्हता, खांद्याला पर्स, पायात साध्या चपला. घरी जाता जाता डोकावला होतात. अण्णांनी उजवा हात उचलून तुम्हाला नमस्कार केला, जरा वेडावाकडा, आणि तुम्ही स्टूल ओढून दोन मिनिटं बसलात. मी आभाराचं काहीतरी बोलायला लागले तर म्हणालात, "ताई, आमच्याकडून पेशंट वरच्या वॉर्डात गेला की त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कळतच नाही. बरा झालेला माणूस कशाला परत येईल? येतात ते ज्यांचं बिघडलंय ते." तक्रारीचा सूर नव्हता तुमचा, सहज बोललात. माझ्या मनात मात्र ते रुतून बसलं.

म्हणून हे पत्र. अण्णांच्या उजव्या हाताचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. उघड लिहितेय ते अण्णांच्या सांगण्यावरून. जितक्या घरांत वाचलं जाईल तितकं बरं, असं त्यांचं म्हणणं.

पण त्या सकाळी आम्ही तुमच्यापर्यंत कसे पोहोचलो, तेही तुम्हाला ठाऊक नसणार. आधी ते सांगते.

जून म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचे असतात, त्यामुळे अण्णा पहाटे पाचलाच मशीनवर बसतात. त्या दिवशीही रेडिओ लावून काम चाललं होतं. सकाळच्या प्रादेशिक बातम्या संपल्या, तसं त्यांनी दुकानात काम शिकणाऱ्या पोराला बॉबिन भरायला सांगितलं. त्याने बॉबिन भरली, मशीनमध्ये बसवून दिली आणि दूध आणायला गेला. परत आला तर कातर खाली पडलेली आणि अण्णा डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलून मशीनच्या फळीवर ठेवतायत. हात घसरून खाली पडतो, ते पुन्हा उचलून ठेवतात. पोराला वाटलं, हाताला मुंग्या आल्या असतील. मग त्यांनी वर बघितलं आणि त्यांचं तोंड दिसलं.

पाच मिनिटांत दुकानासमोर गर्दी. "अंगावरून वारं गेलं" असं जो तो म्हणायला लागला. एकाने तेल गरम करायला सांगितलं. एकाला लकव्याचं औषध देणारा माहीत होता, पण तो ठरावीक वारीच देतो, तोवर अंगाला कबुतराचं रक्त चोळा म्हणाला. ही माणसं वाईट नव्हती. आपलं काम टाकून धावून आली होती. जे वाडवडिलांनी केलं तेच त्यांना ठाऊक होतं. आणि मी तरी काय केलं? पतसंस्थेत नोकरी करणारी, पदवी घेतलेली मी. साखर कमी झाली असेल म्हणून मी अण्णांच्या तोंडाला साखरेचं पाणी लावलं. त्यांना जोराचा ठसका लागला. नंतर तुम्ही मला न रागावता सांगितलंत, की अशा वेळी गिळणंही बिघडलेलं असतं, पाणी श्वासनलिकेत जातं, तोंडावाटे काही म्हणजे काही द्यायचं नाही. पाणी नाही, ॲस्पिरिन नाही, जिभेखाली बीपीची गोळी तर मुळीच नाही. तो ठसका मला अजून रात्री आठवतो.

आमच्या घराला ही भीती जुनी आहे. आजोबाही शिंपी होते. १९९१ साली त्यांच्याही उजव्या अंगावरून वारं गेलं. त्यानंतर सात वर्षं ते खाटेवर होते. उजवा हात छातीशी मुडपलेला, बोलायला गेले की एकच अक्षर. अण्णा तेव्हा ३१ वर्षांचे. आजोबांची मशीन त्यांनी त्याच महिन्यात हातात घेतली. त्यामुळे त्या सकाळी आई जी ओट्यावर बसली ती बसलीच. तिच्या दृष्टीने सगळं ठरून गेलं होतं.

समोरचे मेडिकलवाले दादा तेवढ्यात दुकान उघडायला आले. त्यांनी १०८ लावला, पण गाडी एका अपघाताकडे गेलेली होती. तेव्हा त्यांनी स्वतःची गाडी काढली आणि निघायच्या आधी कराडला फोन करून एकच विचारलं, "सीटी स्कॅन चालू आहे का?" रस्त्याच्या कामामुळे हायवेला गाड्या तुंबल्या होत्या. पोर पुढे बसला होता, मी मागे अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन.

तुम्ही ट्रॉलीबरोबर चालत चालतच पहिला प्रश्न विचारलात, "शेवटचं नीट कधी बोलले?" मी म्हटलं, आत्ताच झालं, सात-आठ वाजता. "आत्ताच नको ताई, वेळ सांगा." माझ्याकडे वेळ नव्हती. तेव्हा तो सतरा वर्षांचा पोर मागून बोलला, "बातम्या संपल्या तवा मला म्हनले बॉबिन भर. चांगले बोलले." कुठल्या बातम्या, ते तुम्ही विचारलंत, मनाशी हिशेब केलात आणि म्हणालात, "सात-वीस धरते." पेन काढून डाव्या हाताच्या पाठीवर लिहिलंत, ७.२०. खाली ११.५०.

ते साडेचार तास मला मागाहून समजले. घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून, आपण त्याला कधी पाहिलं तिथून नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या साडेचार तासांतच द्यायचं, आणि त्यातही जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, हे वाचलं तेव्हा साखरेच्या पाण्यात आणि तेलाच्या गप्पांत घालवलेली मिनिटं मी बोटांवर मोजली. मोजता मोजता थांबले.

बोट टोचून साखर बघितलीत, व्यवस्थित होती. सीटीला नेलंत. सीटी टेक्निशियन दादा दार उघडून वाटच बघत उभे होते. सीटीत काही दिसलं नाही म्हटल्यावर माझा धीर सुटला. मला वाटलं, आता कारणच सापडणार नाही. तुम्हाला नेमकं तेच हवं होतं. रक्तस्राव नाही, म्हणजे रक्तवाहिनी गुठळीने तुंबलीय, म्हणजे इंजेक्शन देता येईल. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, म्हणून उजवं अंग आणि वाचा. फोन कान आणि खांद्याच्या मधे धरून तुम्ही न्यूरॉलॉजिस्ट सरांशी बोलत होतात आणि त्याच वेळी माझ्याकडे बघून मला समजावत होतात. शंभरातल्या सहाएक जणांना या इंजेक्शनाने मेंदूत रक्तस्राव होतो, जीवही जाऊ शकतो. दिलं तर हात-पाय, बोलणं परत यायची शक्यता वाढते, खात्री कुणी देऊ शकत नाही. हे सगळं तुम्ही स्वच्छ मराठीत, एकही गोष्ट न लपवता सांगितलंत. मी म्हटलं, जरा विचार करते. तुम्ही म्हणालात, "करा. पण माझ्यासमोर उभं राहूनच करा."

मी सही केली. हात इतका थरथरत होता की ती सही माझीच आहे, हे मलाही ओळखता आलं नसतं.

इंजेक्शनची किंमत ऐकून, मागच्या गाडीने येऊन पोहोचलेल्या आईने गळ्यातल्या मंगळसूत्राला हात घातला. तुम्ही तो हात तिथल्या तिथे धरलात. "काकू, काउंटरचं नंतर. आधी हे." पण लगेच सुरू करता आलं नाही. बीपी वर २०० गेलेलं, ते १८५ च्या खाली, आणि खालचं ११० च्या खाली आल्याशिवाय हे औषध देता येत नाही. बीपी उतरवायचं इंजेक्शन दिलंत आणि मॉनिटरकडे बघत उभ्या राहिलात. ती आठ मिनिटं मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण मॉनिटरवरचं मला काही कळत नव्हतं. आकडा उतरला तेव्हा तुम्ही तोंडाने काही बोलला नाहीत, सिस्टरांकडे बघून नुसती मान हलवलीत. नऊ वाजून बावीस मिनिटं. आम्ही दारात आल्याला सदतीस मिनिटं झाली होती.

वजन ६२ किलो, त्या हिशेबाने औषधाचा दहावा हिस्सा एकदम, बाकीचं तासाभरात पंपाने. त्या तासात तुम्ही अण्णांची खाट सोडली नाहीत. नऊला तुमची रात्रपाळी संपत होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी सांगितलं.

अर्धापाऊण तास झाला असेल. अण्णांचा उजवा हात चादरीवर पडला होता. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासल्यासारखं हललं. मला वाटलं, भास झाला. पुन्हा हललं. मॅडम, ती हालचाल मी लहानपणापासून बघतेय. सुईत ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक पिळतात ना, ती. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही वाकून म्हणालात, "काका, उजवा हात वर करा. मी दहा म्हणेपर्यंत धरून ठेवा." हात उचलला गेला. हेलकावे खात होता, सातला खाली यायला लागला, पण खाटेला टेकला नाही. तुम्ही "आठ, नऊ, दहा" म्हणालात तेव्हा तुमचा आवाज बदलला होता.

मग ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री उचलून त्यांच्यासमोर धरलीत. "काका, हे काय?" ओठ हलले, "का... का..." आणि थांबले. तुम्ही घाई केली नाहीत. कात्री तशीच धरून उभ्या राहिलात. बऱ्याच वेळाने, अगदी जड जिभेने, ते म्हणाले, "कातर."

कात्री म्हणतात गिऱ्हाइकं. आमच्या दुकानात ती कातरच असते. त्यांचा शब्द त्यांना परत मिळाला होता.

तुम्ही पाठ फिरवून भिंतीजवळच्या टेबलावर केसपेपर लिहायला लागलात. लिहिता लिहिता मनगटाने डोळे पुसलेत. मी ते पाहिलं, हे आज सांगते. लगेच बाहेरून साप चावलेला एक मुलगा आला आणि तुम्ही तिकडे धावलात. तुमच्या कामात असा एक क्षण हाताला लागतो आणि तो धरून बसायलाही सवड नसते, हे मला त्या दिवशी दिसलं. वॉर्डात बसला होतात तेव्हा आईने विचारलं होतं, एवढं शिकून रात्री-बेरात्री हे सगळं कसं सोसता? तुम्ही म्हणालात, "काकू, हात वर झाला की सोसलेलं आठवत नाही." आणि मग जरा थांबून, आदल्या आठवड्यात आलेल्या एका बाईंबद्दल बोललात. सकाळी उठल्या त्याच लुळ्या अंगाने. घरच्यांनी दोन दिवस औषधवाल्यांकडे फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी आणलं. द्यायला काही उरलं नव्हतं. त्या दिवशी घरी गेल्यावर तुम्हाला जेवण गेलं नाही. तुमचं दुःख कुठलं आणि तुमची कमाई कुठली, दोन्ही आम्हाला एकाच वाक्यात कळली.

पुढच्या चोवीस तासांसाठी आयसीयूतल्या सिस्टरांचेही उपकार आहेत. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बीपी, मग सहा तास दर अर्ध्या तासाने, मग तासातासाला. रात्री दोन वाजताही कुणी विसरलं नाही. दर खेपेला "काका, नाव सांगा, हात दाबा". दुसऱ्या दिवशीचा सीटी चांगला आला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडल्याने तिथे गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, असं निघालं. रक्त पातळ ठेवायची गोळी आता दोन वेळा चालू आहे. पोराने तिची वेळ दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. तोच डबी पुढे करतो.

मी या औषधाबद्दल पुष्कळ वाचलं. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पहिल्यांदा सिद्ध झालं, की तीन तासांच्या आत हे औषध दिलं तर जास्त माणसं धडपणे उभी राहतात. २००८ साली ती मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ मध्ये तर मोठी गुठळी मांडीतल्या धमनीतून तार घालून बाहेर काढण्याचा उपाय पक्का झाला, आणि काही निवडक रुग्णांत तो आता चोवीस तासांपर्यंतही करतात. हे अण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बापाच्या वेळेला औषधच नव्हतं. आम्ही कमी पडलो नाही." डॉक्टर मॅडम, तेहतीस वर्षं हा माणूस मनात काय घेऊन मशीनवर बसला होता, ते आम्हाला तेव्हा कळलं. हेही तुमच्यामुळेच.

आता हाताचं.

आठव्या दिवशी घरी आलो तेव्हा काठी धरून चालत होते. बोलताना शब्द अडायचे, "टेप"च्या जागी "ताट" यायचं आणि स्वतःवर चिडायचे. पाय दीड महिन्यात सुधारला. हात वर जायचा, पेला धरायचा, पण बोटांना बारीक काम जमेना. सुई सुटायची. अंगुस्तान बोटात नीट बसेना. फिजिओथेरपिस्टनी चेंडू दाबायला दिला, मणी ओवायला दिले. चार दिवस केलं आणि एका संध्याकाळी मणी बाजूला सारून म्हणाले, "मला माझं काम द्या." पांढऱ्या पॉपलीनची हातभर पट्टी कापून घेतली आणि हातावर बटणाचं काज करायला बसले.

हाताचं काज हल्ली कुणी करत नाही, मशीनवर मिनिटभरात होतं. अण्णांना ते त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. चीर द्यायची, कडेने एकमेकांना लागून टाके घालत जायचं, प्रत्येक टाक्याला गाठ, गाठी सगळ्या एका रेषेत. पहिल्या काजाला चार दिवस लागले. मग ठरवलं, दर रविवारी त्याच पट्टीवर एक. रविवारी दुपारी जेवण झालं की दुकानाची फळी अर्धी ओढून, खिडकीच्या उजेडात, पट्टी गुडघ्यावर. आई तेव्हा त्यांच्याशी बोलत नाही.

गणपतीत त्यांनी पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं कापड कापलं. साधा परकर होता, तरी आईने देवापुढे साखर ठेवली. दिवाळीत शर्ट शिवले, कॉलर मात्र पोराने लावली. संक्रांतीनंतर कॉलरही. या जूनमध्ये गणवेशाच्या निम्म्या ऑर्डरी घेतल्या, निम्म्या सोडल्या. पहाटे पाचला बसायचं बंद केलंय. तुमचं नाव घेऊन आम्ही ते बंद करवलं, त्याबद्दल क्षमस्व. उजवा पाय थंडीत जड होतो. घाईत बोलायला गेले की अजून शब्द अडतो, मग ते थांबतात आणि आम्हीही थांबतो, तुम्ही कात्री धरून थांबला होतात तसं.

दुकानातल्या आरशावर, कपडा घालून बघताना गिऱ्हाइकाची नजर जाईल अशा उंचीला, अण्णांनी मापाच्या खडूने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय: तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, अचानक तोल किंवा नजर गेली तर घड्याळ बघा, १०८ लावा, सीटी असलेल्या दवाखान्यात न्या, तोंडात काही घालू नका. खडू पुसला जातो, ते पुन्हा लिहितात. कार्तिकात एका गिऱ्हाइकाच्या सासऱ्यांना तासाच्या आत कराडला नेलं. त्यांना रक्तस्राव होता, त्यामुळे हे इंजेक्शन द्यायचा प्रश्नच नव्हता, पण बीपी वेळेत आवरलं आणि ते आता अंगणात बसलेले दिसतात. सून येऊन आरशाला हात लावून गेली.

पत्रासोबत ती पॉपलीनची पट्टी पाठवतेय. एकेचाळीस काजं आहेत. डावीकडून सुरुवात आहे. पहिलं बघून घाबरू नका, ते उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. नवव्यापासून गाठी रेषेत यायला लागल्या. तेविसावं पुन्हा बिघडलंय, त्या आठवड्यात अण्णांना ताप होता. शेवटची पाच-सहा मला त्यांच्या जुन्या कामापासून वेगळी ओळखता येत नाहीत. अण्णांना येतात. काज मागच्या बाजूने तपासायचं असतं, म्हणून पट्टी उलटी करून बघा, असा त्यांचा निरोप आहे. शेवटच्या काजाच्या मापाचं बटण पाकिटात वेगळं ठेवलंय. तेवढं घालून बघा.

आपली,
उंब्रजच्या शिंप्याची मुलगी